कारण: स्विच हाताने बंद

सुषमा सिस्टरने चिकटपट्टीचा उल्लेख केला नसता, तर मी ते यंत्र पुन्हा टेबलावर घेतलंच नसतं.

आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला होता. आंबाखोड हे मोलगीच्याही पलीकडचं डोंगरातलं गाव. तिथल्या उपकेंद्रात ती कंत्राटी नर्स आहे. लसींचा फ्रिज तिथे सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालतो. फ्रिजचं तापमान पाहणारं आणि त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद करणारं छोटं यंत्र आम्हीच बनवलेलं, आमच्या दुकानातून गेलेलं आहे. एका रात्रीत तिच्या फ्रिजमधल्या सगळ्या लसी तापून वाया गेल्या होत्या. यंत्राच्या पडद्यावर त्या रात्रीच्या नोंदी होत्या. पुन्हा सुरू, कारण: स्विच हाताने बंद. पुन्हा सुरू, कारण: स्विच हाताने बंद. ओळीखाली ओळ, पहाटेपर्यंत.

“तालुक्याचे साहेब म्हणतात, मी फ्रिजचा प्लग काढून टीव्ही लावला,” ती म्हणाली. “टीव्ही दाखवा म्हटलं. तर म्हणे, मग मोबाइल चार्ज केला असेल.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“स्विचवर मी दिवाळीच्या आधी चिकटपट्टी लावलीय, जखमेला लावतो ती. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. तिच्यावर धूळ बसलीय, मॅडम. काढून परत लावली असती तर धूळ कशी राहिली असती? उद्या साहेब चौकशीला वर येणार आहेत. माझं कंत्राट मार्चपर्यंतच आहे, ते गेलं तर गेलं. मी नवापूरला आईकडे जाईन. पण इथल्या बायका पोरांना घेऊन यायच्या बंद झाल्यात. विचारतात, सिस्टर, तू आमच्या पोरांना खराब सुई दिली का?”

मी पाहते म्हणाले आणि फोन ठेवला. माझे सासरे छगनलाल समोर गादीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“नमनला पहाटे वर पाठव,” ते म्हणाले. “साहेब पोचायच्या आत मशीन बदलून टाकू दे. जुनं परत, नवं लाव. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही.”

आमच्या घरात हा नियमच आहे. आजेसासऱ्यांनी नंदुरबारला मिरचीच्या मार्केटयार्डासमोर पंख्यांचं दुकान टाकलं तेव्हापासून, तक्रार आली की माल परत. कोण खरं, कोण खोटं, हे विचारायचं नाही. या एका नियमावर दुकानाचं नाव उभं राहिलं. त्या दुपारी मलाही तो नियम बरा वाटला.

रात्री मात्र मला झोप लागली नाही. कारण धूळ. धुळीला खोटं बोलायचं काही कारण नसतं.

सकाळी नमन, माझा धाकटा दीर, नवं यंत्र घेऊन आमच्या गाडीने निघून गेला होता. अरिहंत, माझा नवरा, सुटे भाग आणायला सुरतेला होता. मी दुकानामागच्या खोलीत गेले, कपाटातून एक यंत्र काढलं आणि त्यात आंबाखोडचं नाव भरलं. मग ते विजेच्या अशा खोक्याला जोडलं, ज्याचा दाब बटण फिरवून कमी-जास्त करता येतो.

यंत्राला वीज मिळाली की आधी एक लहान प्रोग्राम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचं काम थोडंच असतं. हार्डवेअर तपासायचं, मोठा प्रोग्राम, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून ठेवायचा आणि त्याच्यासाठी ठरलेल्या जागी एक चिठ्ठी ठेवायची. मेमरी किती आहे, बोर्ड कुठला आहे, हे यंत्र कुठल्या गावचं आहे, आणि मागच्या वेळी आपण का बंद पडलो होतो, हे सगळं त्या चिठ्ठीत. चिठ्ठी ठेवली की बूटलोडर संपतो. त्याची जागासुद्धा कर्नल वापरायला घेतो. चिठ्ठीत जे आलं नाही ते विचारायला मागे कुणी उरत नाही.

मी दाब हळूहळू खाली आणला. बॅटरी दमते तेव्हा असंच होतं. यंत्र विझलं, मी दाब वर नेला, यंत्र जागं झालं. पडद्यावर ओळ आली: पुन्हा सुरू, कारण: स्विच हाताने बंद.

मी स्विचला हात लावला नव्हता.

पुन्हा केलं. तीच ओळ. नाव बदलून “नवापूर” केलं. आता ओळ आली: कारण: विजेचा दाब कमी. परत आंबाखोड. परत हाताने बंद.

“ताई, च्या ठंडा व्हई ग्या ना,” उखा दारातून म्हणाला. उखा दुकानात माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. “सकायपासीन काय करी ऱ्हायन्यात?”

“उखाभाऊ, हे मशीन आपण इथे किती दिवस चालवून बघतो, मग देतो?”

“चांगलं आठ-आठ दिन. पन संध्याकायले मी मेन पाडस ना.”

तो रोज संध्याकाळी मेन स्विच पाडतो. या गल्लीतली सगळीच दुकानं पाडतात. शेजारी मिरचीची गोदामं आहेत. सुकी मिरची एकदा पेटली की तिच्या धुरात माणूस उभा राहू शकत नाही. म्हणजे आमच्या टेबलावर प्रत्येक यंत्र रोज संध्याकाळी हातानेच बंद झालं होतं, आणि सकाळी त्याने तसंच सांगितलं होतं. खरंच होतं ते. त्यामुळे ते कारण न तपासताच सांगतंय, हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

मग मी चिठ्ठी उघडून पाहिली. पहिल्याच ओळीत होतं: ॥ श्री महावीराय नमः ॥ शुभ लाभ.

हे मला माहीत होतं. पापाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या घरातला कुठलाही कागद त्याशिवाय सुरू करत नाहीत, मग तो वाण्याची यादी का असेना. पहिली यंत्रं तयार झाली तेव्हा ते म्हणाले होते, मशीन चालू झालं की आधी देवाचं नाव यायला पाहिजे. नमनने सगळ्यात सोपी जागा निवडली, चिठ्ठीचा माथा. तिथे लिहिलं की आपोआप पडद्यावर येतं. आम्ही सगळे हसलो होतो आणि पेढे वाटले होते.

पण चिठ्ठीची लांबी ठरलेली असते. आणि संगणकाला इंग्रजी अक्षर ठेवायला जेवढी जागा लागते, त्याच्या तिप्पट देवनागरी अक्षराला लागते. काना, मात्रा, वेलांटी यांचीसुद्धा वेगळी. देवाचं नाव, मग मेमरी, मग बोर्ड, मग गावाचं नाव. नवापूर एवढुसं. आंबाखोड नावाची दोन गावं आहेत आणि गाव डोंगरभर पाड्यांमध्ये पसरलेलं, म्हणून तिथे लिहिलेलं होतं: प्राथमिक आरोग्य उपकेंद्र आंबाखोड, पाटीलपाडा, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. त्या नावाने चिठ्ठी भरली. बंद पडण्याचं कारण सर्वांत शेवटी होतं. ते कापलं गेलं.

कर्नलला कारण मिळालं नाही. मग त्याने यादीतलं पहिलं कारण धरलं. ज्या पुण्याच्या मुलाकडून आम्ही तो भाग लिहून घेतला होता त्याने पहिलं कारण “स्विच” ठेवलं होतं. त्याने “माहीत नाही” असं कारण ठेवलंच नव्हतं.

मी उठून उभी राहिले आणि परत बसले. कारण आता दुसरी गोष्ट लक्षात आली होती. आपण का बंद पडलो याची खूण चिपच्या एका कोपऱ्यात राहते. चिठ्ठी कापली गेली तरी खूण तिथे असते, पण यंत्राची वीज पूर्ण काढेपर्यंतच. आंबाखोडच्या यंत्रात ती खूण अजून होती. लॅपटॉप जोडून ती साहेबांना दाखवता आली असती.

आणि नमन ते यंत्र उपटून काढायला निघाला होता.

नमनचा फोन लागत नव्हता. देवगोईचा घाट चढला की मोलगी सोडली तर तसंही कुणाचा लागत नाही. सिस्टरचाही लागला नाही. तिला फोन करायचा तर ती टेकडीवर येते.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुकानात आले.

“पापाजी, मला वर जावं लागेल. चूक आपल्या मशीनची आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “नमन बदलतोय ना?”

“बदललं तर पुरावाच जाईल. सिस्टरवर आलेला आळ तसाच राहील.”

“बिंदणी,” ते म्हणाले; आमच्याकडे सुनेला असंच म्हणतात. “मशीन बदललं की साहेबाचा राग उतरतो. राग उतरला की बाईचंही निभतं. मी चाळीस वर्षं हेच बघतोय.”

“पंख्याचं ठीक आहे, पापाजी. पंखा कुणाविरुद्ध साक्ष देत नाही.”

देवाच्या नावाबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं, आणि वेळही नव्हता. ते मागून म्हणाले, “डबा तरी घेऊन जा. वर तुझ्या खाण्याचं काय?” मी तोवर रिक्षात बसले होते.

स्टँडच्या बाहेर मोलगीची जीप उभी होती. दिलवरसिंग नावाचा चालक बॉनेटला टेकून शेंगा खात होता.

“कधी निघणार?”

“भरली की.”

“सगळ्या जागांचे मी देते. आत्ता चला.”

त्याने माझ्याकडे, मग रिकाम्या जीपकडे पाहिलं. “रिकामी गाडी घेऊन घाट चढलो तर गावात विचारतील, दिलवर, तुझं काय बिघडलं?”

“सांगा, एका बाईला घाई होती.”

“ते मानतील,” तो म्हणाला आणि शेंगांची पुडी खिशात घातली.

तरीही तळोद्याला त्याने एका म्हाताऱ्याला आणि दोन कोंबड्यांना घेतलं, अक्कलकुव्याला तीन बायकांना. प्रत्येक थांब्याला माझे पाय आपोआप जमिनीवर दाब देत होते, जणू गाडी मीच ढकलत होते. तापीच्या पुलावर, उसाच्या ट्रॅक्टरमागे, हायवेच्या वळणावर मी नमनला फोन लावत राहिले. घाटात ती बाईसुद्धा बोलायची थांबली जी सांगत असते की संपर्क होऊ शकत नाही.

“कोण आजारी आहे?” दिलवरसिंगने आरशात बघत विचारलं.

“कुणी नाही. एक मशीन बंद करू द्यायचं नाहीये.”

“बंद केलं तर काय होईल?”

“ते विसरेल.”

तो म्हणाला, “माझी बायकोपण म्हणते, मला बंद करता आलं असतं तर बरं झालं असतं.” मागच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही, पण त्याने वेग वाढवला होता.

मोलगीच्या पुढे रस्ता लाल मातीचा झाला. आंबाखोडचं उपकेंद्र एका उतारावर आहे. दोन खोल्या, व्हरांडा, छपरावर पॅनेल. अंगणात आमची गाडी उभी होती. साहेबांची जीप नव्हती. मी धावतच पायऱ्या चढले.

नमन स्टुलावर बसून चहा पीत होता. भिंतीवर नवं यंत्र होतं, पडदा उजळ, ॥ श्री महावीराय नमः ॥. जुनं त्याच्या मांडीवर, वायर नीट गुंडाळून रबर लावलेली.

“भाभी? तुम्ही कशा आलात?”

“कधी काढलंस?”

“हे काय, आत्ताच. घाटात टायर फुटलं होतं, उशीर झाला. चहा निवलाही नाही अजून.”

मी भिंतीला टेकले. चहा ओतायच्या आत पोचले असते तर. तळोद्याच्या कोंबड्या आठवल्या.

सुषमा सिस्टर आतल्या खोलीतून आली. मी तिला प्रथमच पाहत होते. माझ्याहून लहान, उंच, गळ्यात बारीक क्रूस. तिने माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, “काय झालं?”

मी सांगितलं. चिठ्ठी, कापलेलं कारण, चिपमधली खूण, आणि ती खूण आता गेल्याचं. नमन चहाचा ग्लास हातात तसाच धरून ऐकत होता.

“मी यांना म्हटलं होतं,” सिस्टर सावकाश म्हणाली, “मी स्विचला हात लावणार नाही, तुम्हीच बंद करा. माझ्यावर अजून एक नको. हे म्हणाले, ताई, तुम्ही काळजीच करू नका, आम्ही बदलूनच टाकतो. मला बरं वाटलं.”

“मलाही बरंच वाटलं होतं,” नमन म्हणाला आणि त्याने ग्लास खाली ठेवला.

व्हरांड्यात एक बाई तान्ह्या मुलाला पदराखाली घेऊन बसली होती. ती हे सगळं पाहत होती. सिस्टर तिला नानीबाई म्हणत होती.

मी नव्या यंत्राकडे पाहिलं. देवाचं नाव जाऊन आता गावाचं नाव आलं होतं, पूर्ण, जिल्ह्यासकट. आणि मला आपला मूर्खपणा कळला. मी इतका वेळ जुन्या यंत्राच्या मागे धावत होते. नव्यातही नमनने तेच लांब नाव भरलं होतं. जुनं यंत्र विसरलं होतं, पण नवंही तेच चुकीचं सांगणार होतं. फक्त ते बंद पडायला हवं होतं, आणि साहेबांच्या देखत.

साहेब दुपारी आले. पन्नाशीचे, घाटात उलटी झाल्यासारखा चेहरा, हातात फाइल. त्यांनी पाणी मागितलं, पूर्ण तांब्या प्यायले आणि म्हणाले, “मशीन बदललंत? बरं केलंत. आता सिस्टर, तुमचं काय म्हणणं ते लिहून घेतो.”

“त्याच्या आधी मला एक दाखवायचं आहे,” मी म्हणाले. “हे मशीन आम्हीच बनवलंय. ते का बंद पडलं हे ते सांगू शकत नाही. काहीही झालं तरी ते एकच कारण सांगतं.”

“तुमचंच मशीन खोटं बोलतं, असं तुम्ही सांगताय?”

“ते खोटं बोलत नाही. त्याला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणायला आम्ही त्याला शिकवलं नाही.”

त्यांनी फाइल मांडीवर ठेवली. “दाखवा.”

नमन म्हणाला, “रात्री पॅनेल चालत नाही, भाभी. आत्ता ऊन आहे. बॅटरी दमणार कशी?”

दिलवरसिंग दाराशी उभा राहून ऐकत होता. “झाकून टाकू,” तो म्हणाला. त्याने जीपवरची ताडपत्री ओढली, भिंतीला लावलेल्या शिडीने छपरावर चढला आणि पॅनेलवर पसरली. कडांवर दगड ठेवले. फ्रिजमध्ये लस उरली नव्हती, म्हणून सिस्टरने त्याचं झाकण उघडं ठेवलं. आत गरम हवा गेली की कॉम्प्रेसरला सुरू व्हावंच लागतं.

आम्ही सगळे स्विचपासून लांब, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. मी हात मागे बांधले. मग साहेबांनीही बांधले.

कॉम्प्रेसर खट्‌ करून सुरू झाला. घरघरला. चालत राहिला.

काहीच झालं नाही. पडद्यावर तापमान उतरत होतं, अगदी शिस्तीत. साहेबांनी एकदा छपराकडे पाहिलं, एकदा दाराकडे. माझ्या कानात ती घरघर वाढत गेली. बॅटरी सकाळपासून उन्हात भरली होती. दमायला तिला तास लागले असते, आणि साहेबांना अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. टेबलावर जे बटण फिरवून एका क्षणात होत होतं, ते इथे होत नव्हतं. मला वाटलं, हे असंच चालत राहील, साहेब फाइल उघडतील, आणि मी इथे उभी राहून बघेन.

“त्या रात्री असंच होतं का सगळं?” मी सिस्टरला विचारलं. “वेगळं काहीच नव्हतं?”

“काही नाही. दार लावलेलं. मी पलीकडच्या खोलीत.” तिने त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “दिवा होता.”

“कुठला दिवा?”

“बाळंतपणाचा. मोठा. नानीबाई अडली होती, पहाटेपर्यंत. दिव्याची बॅटरी पावसाळ्यातच बसली, तेव्हापासून तो याच बॅटरीला जोडलाय.”

साहेबांनी वर पाहिलं. “हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही फ्रिजचं विचारलं, साहेब. दिव्याचं कुणी विचारलं नाही.”

“लावा तो दिवा,” साहेब म्हणाले.

सिस्टर पलीकडे गेली. दाराच्या फटीतून पांढरा उजेड इकडे आला. तापमान उतरलं, कॉम्प्रेसर थांबला. आम्ही थांबलो. दिव्याचा उजेड हळूहळू पिवळट होत गेला. बॅटरी माझ्या अंदाजापेक्षाही म्हातारी होती. व्हरांड्यात नानीबाईचं बाळ चुरूचुरू दूध पीत होतं, तेवढाच आवाज.

मग फ्रिज पुन्हा तापला. खट्‌. उजेड एकदम खाली बसला, आणि भिंतीवरचा पडदा काळा झाला.

दिवा सावरला. पडदा उजळला. देवाचं नाव आलं, शुभ लाभ आलं, गावाचं नाव आलं. आणि खाली ओळ: पुन्हा सुरू, कारण: स्विच हाताने बंद.

साहेब स्विचजवळ गेले. हात मागेच होते. वाकून त्यांनी चिकटपट्टी पाहिली. तिच्या कडेला करड्या धुळीची रेघ होती.

खट्‌. पुन्हा काळं. पुन्हा देवाचं नाव, पुन्हा हाताने बंद. सुरू झालं की यंत्र कॉम्प्रेसरला जपण्यासाठी थोडं थांबतं, मग त्याला चालू करू पाहतं, आणि तेवढ्यात स्वतःच पडतं. त्या रात्री असंच पहाटेपर्यंत चाललं होतं. फ्रिज तापत होता, आणि दाराच्या पलीकडे सिस्टर नानीबाईचा हात धरून बसली होती.

“बस,” साहेब म्हणाले. “दिवा घालवा. ताडपत्री काढा.” ते खुर्चीत बसले. “एवढं सगळं मला वर लिहिता येणार नाही. तुम्ही लिहून द्या. सही करून.”

“म्हणजे मी केलं नाही, असं आता मशीन म्हणतं का?” सिस्टरने मला विचारलं.

“नाही. ते अजूनही तेच म्हणतंय. पण त्याचं कुणी ऐकणार नाही.”

“आधीही ऐकायला नको होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. तो मला योग्य वाटला.

तिने मला कोरा कागद दिला. मी लिहायला घेतलं तेव्हा हाताने आपोआप माथ्यावर “श्री” काढलं. क्षणभर थांबले आणि तसंच ठेवलं. कागदावर जागा भरपूर होती. खाली लिहिलं: या यंत्राला बंद पडण्याचं कारण माहीत नव्हतं. दोष यंत्र बनवणाऱ्यांचा आहे, सिस्टरचा नाही.

साहेबांनी वाचलं, घडी घातली, फाइलमध्ये ठेवलं. “कंत्राटाचं होईल नीट,” ते सिस्टरला म्हणाले. “नवी बॅटरी मागतो.”

“आणि पाड्यावर कोण सांगणार?” सिस्टरने विचारलं. “हा कागद तालुक्याला जाईल. पाड्यावर नाही जाणार.”

नानीबाई उठली, बाळ खांद्यावर टाकलं, आणि छपरावरून उतरणाऱ्या दिलवरसिंगला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. त्याने ताडपत्री गुंडाळता गुंडाळता बरंच काही सांगितलं, मधे डोळे मिटून यंत्र कसं पडतं तेही करून दाखवलं. ती हसली नाही. शेवटी तिने फ्रिजकडे, दिव्याकडे आणि सिस्टरकडे एकदा पाहिलं आणि उतारावरून चालू लागली. खालच्या विहिरीवर तिघी-चौघी उभ्या होत्या. ती तिथे थांबली. तिचा हात छपराकडे गेला, मग यंत्र पडल्यासारखा खाली पडला.

तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्यातली एकजण हंडा तसाच ठेवून इकडे बघत राहिली.

नमन जुनं यंत्र गाडीत ठेवून तिथेच थांबला. बॅटरीच्या तारा घट्ट करायच्या होत्या, आणि दिवा वेगळा काढायचा होता. मी दिलवरसिंगच्या जीपने निघाले. “पापाजींना कोण सांगणार?” एवढंच नमनने निघताना विचारलं होतं.

मोलगीला फोनला जीव आला. मी पापाजींना सगळं सांगितलं. देवाच्या नावाशी आले तेव्हा त्यांनी मला मधेच थांबवलं.

“म्हणजे देवाचं नाव काढायचं?”

“नाही, पापाजी. आधी कारण लिहायचं. मग मेमरी, बोर्ड, गाव. देवाचं नाव शेवटी. जागा पुरली नाही तर तेवढंच कापलं जाईल.”

“देव शेवटी.”

“देवाला चालेल.”

“तुला कोणी सांगितलं?” ते म्हणाले, पण भांडणाच्या सुरात नाही. उखा काहीतरी विचारत होता, त्याला त्यांनी थांब म्हटलं. “अशा लांब नावाची किती मशीनं गेली असतील वर?”

“डोंगरातली बहुतेक सगळी.”

“मग सगळी परत आण. माल परत.”

“आणू, पापाजी. पण एकदम उपटायची नाहीत. आधी प्रत्येक सिस्टरला फोन करून विचारायचं, मशीनने तिच्यावर काही आळ घेतलाय का. ते विचारल्याशिवाय एकही वायर काढायची नाही.”

पलीकडून फक्त “हूं” आलं. आमच्या घरात त्याचा अर्थ हो असा असतो.

दिलवरसिंग बॉनेटला टेकून उरलेल्या शेंगा खात होता. जीपमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

“जागा भरल्या की निघू,” तो म्हणाला. “का अजून घाई आहे?”

“भरा,” मी म्हणाले. फोनमध्ये उपकेंद्रांची नावं एकाखाली एक होती, त्यांच्या पाड्यांसकट, लांबच लांब. त्यांतल्या कुठल्या भिंतीवर कोणाच्या नावाने ती ओळ उभी असेल, आणि कोणती बाई गप्प बसून ती सोसत असेल, मला माहीत नव्हतं. मी पहिला नंबर लावला. रिंग वाजत राहिली. बहुधा तिथली सिस्टरही टेकडीवर नव्हती. मी पुन्हा लावला.